गाडीतला गोड वास

नवरा गेल्यावर मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो वासाचा. हे लिहायला बरं वाटत नाही. भेटायला येणाऱ्यांना वाटायचं, बाईला रिकाम्या खुर्चीचा त्रास होत असेल, खुंटीवरच्या शर्टांचा होत असेल. शर्ट मी धुऊन, घड्या करून देऊन टाकले. खुर्चीवर हल्ली रद्दी साठते. पण फाटकाच्या आत उभी असलेली आमची जुनी पांढरी गाडी, तिचं दार उघडलं की आतून एक गोड, चिकट वास यायचा आणि मी ते पुन्हा लावून टाकायचे.

तो वास कशाचा ते आधी सांगते. गाडीच्या डॅशबोर्डच्या आत, पायांच्या जरा वर, वहीएवढा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, पंखा त्यावरून वारा फेकतो, आणि आत ऊब येते. गॅरेजवाले त्याला हीटरची कॉइल म्हणतात. आमच्या गाडीची कॉइल गळत होती. त्यातलं पाणी, आणि पाण्यात मिसळलेलं हिरवं कूलंट, थेंबाथेंबाने खालच्या मॅटवर उतरायचं. कूलंटला गोड वास असतो. पाकात बुडवलेलं बोट न धुता दिवसभर तसंच ठेवलं तर येईल, तसा.

परभणीत हीटर कशाला, असं लांबच्या माणसाला वाटेल. त्याने पौषातली इथली सकाळ पाहिलेली नसते. पण माझ्या नवऱ्याला हीटर थंडीतच लागायचा असंही नव्हतं. त्यांना शुगर होती, बरीच वर्षं होती, आणि पाय गार पडतात म्हणून ते श्रावणातसुद्धा हीटरचा वारा पायांवर सोडून गाडी चालवायचे. मी शेजारी घामाघूम.

गेल्या उन्हाळ्यापासून त्या गोड वासात आणखी काहीतरी मिसळलं होतं. मी नाक मुरडून विचारायचे, "कसला वास येतोय हो?" ते म्हणायचे, "हीटर गळतंय. दाखवतो एकदा." एकदा म्हणाले, मॅट ओली राहिली असेल. एकदा म्हणाले, उंदीर मेला असेल कुठंतरी. मी मॅट उन्हात घातली, सीटखाली वाकून उंदीर शोधला. मिळाला नाही. उंदीर नव्हताच. त्यांच्या तळपायाला जखम होती. रोज सकाळी न्हाणीचं दार लावून ते त्या जखमेत हळद भरायचे, वर मोजा चढवायचे आणि बूट घालून बाहेर पडायचे. पायाला संवेदना राहिली नव्हती, त्यामुळे लंगडायचेही नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी मोजा कात्रीने कापून काढला, तेव्हा आधी हळद दिसली. ओली, काळपट पडलेली. तिच्याखाली जे होतं ते पाहून शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनेही, जिचं हे रोजचं काम, क्षणभर मान वळवली. भाद्रपदात ते गेले.

म्हणजे तो गोड वास माझ्यासाठी नुसता कूलंटचा राहिला नव्हता. त्याच्या आडोशाला एक माणूस महिनोन्‌महिने लपून बसला होता आणि मी शेजारच्या सीटवर होते. गाडी मला ठेवायची होती. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आयुष्यभर पुस्तकं लावली, काढली, पुन्हा लावली. स्वतःच्या बळावर कुठे जाता येईल असं मी शिकलेलं एकच काम म्हणजे ही गाडी चालवणं. पिंगळीच्या रस्त्यावर, सकाळी रहदारी नसताना, त्यांनीच शिकवलं होतं. पण आत बसलं की पदर नाकाला लावावा लागायचा, आणि पदर धरून स्टिअरिंग धरता येत नाही. वास गेला तर गाडी राहणार होती. नाही गेला तर भंगारात.

भंगारात घालण्याच्या बाजूने सगळेच होते. सर्वांत पुढे माझे धाकटे दीर. ते येलदरीकडच्या एका शाळेवर गुरुजी आहेत. माणूस प्रेमळ, पण प्रत्येक गोष्टीवर मत असलेला. "वैनी, पंधरा वर्षं झाली तिला," ते म्हणाले. "आता आरटीओत पासिंग करावं लागतंय. हेडलाइट बघा कसे झालेत. मोतीबिंदू झाल्यावानी. साहेब लोक हुबं करून घ्यायचे न्हाईत."

हेडलाइटचं खरं होतं. वरचं प्लास्टिक उन्हाने पिवळं, धुरकट झालं होतं. म्हणून एके दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन जिंतूर रोडच्या एका गॅरेजवर गेलो. गाडी त्यांनी चालवली. मी मागे बसले, काच खाली करून, तोंड बाहेर काढून.

मिस्त्री पन्नाशीचा, जाड, सतत तोंड भरलेला. त्याच्या बसण्याच्या जागेमागची भिंत कमरेच्या उंचीपर्यंत लाल झाली होती. जुन्या लालवर नवा लाल, कडांना वाळून काळा. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं, आणि तेवढंच दिसत राहिलं. ज्या फडक्याने तो ऑइलची पट्टी पुसत होता त्याच फडक्याने तो कपाळ पुसत होता, आणि मग आमच्यासाठी आलेल्या चहाच्या ग्लासांच्या कडाही त्याने त्यानेच पुसल्या. आदराने. मी चहा घेत नाही म्हटलं. दिरांनी दोन्ही घेतले, साखरेचे.

"हेडलाइट दोन्ही नवीन टाका," मी म्हटलं. "आणि हीटरची कॉइल बदलायची आहे."

मिस्त्रीने तोंडातलं एका गालात सारलं. "हीटर कामून पायजे मॅडम? काश्मीरला जायलाव का?"

"बदलायची आहे."

"आवो, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतंय त्याला. आसं करू, दोन पाइप हायेत, एकाला एक जोडून टाकतो. बायपास. पाणी आत जायचंच न्हाई, मंग गळंल कुठून? परभणीतल्या निम्म्या गाड्या म्याच केल्यात तशा."

"पण आतली कॉइल तशीच राहील ना? वासासकट?"

"राहीना का! तुमाला दिसायलीय का ती?"

दीर हसले. "आमच्या वैनीला पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय हाय. अर्ध्यात सोडीत न्हाईत त्या."

"मंग वाचू द्या की," मिस्त्री म्हणाला, "डॅशबोर्डच्या आत कशाला शिरायलेत?" आणि दोघंही पुन्हा हसले. मी हसले नाही. "कॉइल बदला," एवढंच तिसऱ्यांदा म्हटलं. त्याने मान हलवली. ती मान हो म्हणून हलली होती की हसण्याने, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

हेडलाइट त्याने माझ्यासमोर काढले. तोपर्यंत शेजारच्या पंक्चरवाल्याने टूथपेस्ट घासून काच चकाचक करून देण्याचा सल्ला दिला होता. कुणीतरी रस्त्यावरचा माणूस थांबून राख आणि लिंबू म्हणाला होता. उजव्या दिव्यात पाणी साचलं होतं. हिरवट, आणि त्यात किडे. वर्षानुवर्षांच्या रात्रींचे पंख, पाय, डोकी, सगळं एकत्र होऊन तळाला बसलेलं. डाव्यात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. मिस्त्रीने पाणी तिथेच, चहाच्या ग्लासांपासून हातभर अंतरावर ओतलं.

"पांढरेशुभ्र लाइट टाका," दीर म्हणाले. "समोरचा दोन शेतं लांबून बाजूला होतो."

"साधे टाका," मी म्हटलं. असले पांढरे दिवे लावून रात्री समोरून येणारी माणसं मला शिवी देत आल्यासारखी वाटतात. दिरांनी खांदे उडवले.

गाडी ठरलेल्या दिवशी मिळाली. पुढून पाहिली तर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नवे दिवे स्वच्छ, पाणीदार. आत मॅट धुतलेली, आणि आरशाला अत्तराची बाटली टांगलेली. आंब्याचा वास. "कॉइल बदलली?" मी विचारलं. "एकदम ओके करून टाकलंय मॅडम," मिस्त्री म्हणाला. त्याने खोटं उत्तरसुद्धा दिलं नव्हतं.

काही दिवस आंबा टिकला. मग एका सकाळी थंडी अशी पडली की बोटं किल्लीला चिकटतील. महाविद्यालयात लवकर जायचं होतं. गाडी तापल्यावर मी हीटरची खुंटी लाल बाजूला फिरवली आणि पंखा पूर्ण सोडला. पायांवर बर्फासारखा वारा आला. आणि त्या वाऱ्याबरोबर, आंब्याला बाजूला सारून, तो वास. कोंडून ठेवलेला, आणखी घट्ट झालेला. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली, दार उघडलं आणि सकाळचा चहा मातीत टाकला. एक मेंढपाळ बाई मेंढ्या घेऊन चालली होती. ती थांबली, तिने तिच्या बाटलीतलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं आणि गाडीत डोकावून म्हणाली, "काय मेलंय गं बाई आत?"

मी बॉनेट उघडलं. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण डॅशबोर्डकडे जाणारे दोन पाइप कुठे असतात ते मिस्त्रीनेच बोटाने दाखवलं होतं. ते आत जातच नव्हते. एकच काळा पाइप धनुकलीसारखा वाकवून दोन्ही टोकं तिथल्या तिथे जोडली होती, नव्या चकचकीत पट्ट्यांनी आवळून.

त्याच दिवशी मी गॅरेजवर गेले. पासिंग होईपर्यंत दीर रजा टाकून परभणीतच राहिले होते, तेही आले.

"बायपास केलंत तुम्ही," मी म्हटलं.

मिस्त्री खरोखरच चकित झाला. "मॅडम, तुमी हीटर लावला?"

"लावला."

"लावून बघितला?" त्याने दिरांकडे पाहिलं, जणू मी एखाद्याच्या घरात न विचारता शिरले होते. "गुरुजी, इतकी वर्सं झाली मला ह्या धंद्यात. बायपास केल्यावर हीटर लावून बघणारं आजपतूर कुणी भेटलं न्हाई."

"आता भेटलं," मी म्हटलं. "कॉइल मागवा. डॅशबोर्ड माझ्यासमोर उतरवा. मी इथेच बसणार आहे."

कॉइल बसच्या पार्सलने आली. ज्या दिवशी काम होतं त्या दिवशी मी रजा टाकली आणि त्या लाल भिंतीकडे पाठ करून स्टुलावर बसले. मांडीवर पुस्तक होतं. उघडलं ते नावालाच. पानाला ताबडतोब ग्रीसचा डाग लागला, आणि पुस्तक महाविद्यालयाचं होतं.

डॅशबोर्ड उतरल्यावर गाडी आतून पाहवत नाही. धुळीची लोकर, शेंगांची टरफलं, उंदरांनी कुरतडलेला कापूस, माझी हरवलेली केसांची पिन, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. मिस्त्री खाली पडून, पाय बाहेर काढून काम करत होता आणि अधूनमधून आतूनच थुंकत होता. कुठे, हे मी विचारलं नाही. शेवटी त्याने हात आत घालून कॉइल ओढली. ती सहज आली नाही. आली तेव्हा एका बाजूला कलली आणि तिच्या तोंडातून पिवळा चिखल त्याच्या मनगटावर, तिथून माझ्या चपलेवर सांडला. घट्ट, दाणेदार, मधूनमधून पांढरे क्षाराचे खडे. वास तोच. पण त्याखाली एक ओळखीचा, स्वयंपाकघरातला, कुजलेला.

मिस्त्रीने बोट नाकाशी नेलं. "अरेच्चा. हळद हाय ही!"

"हळद?"

"साहेबांनी रेडिएटरमधी हळद टाकली हुती. जुने ड्रायव्हर लोक टाकतेत. गळायला लागलं की हळद टाकायची. फुगून भोकात बसती. गळती बंद."

"कायमची?"

"कायमची कशाची! चार दिवस. मंग आजून टाकायची." तो कॉइल हलवून पाहत होता, आतला गाळ ढुसढुस वाजत होता. "साहेबांनी चांगली किलोभर घातलेली दिसतीय. त्यात बोअरचं पाणी. समदा बोळा झाला बघा."

वर्षाची हळद आम्ही वसमतकडून आणतो. गेल्या वर्षी ती दिवाळीच्या कितीतरी आधी संपली आणि मी दळून देणाऱ्यावर ठपका ठेवला होता. त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला आमच्या हळदीच्या बरणीचं झाकण आठवलं, रोज सकाळी कडेला पिवळी बोटं उमटलेलं. थोडी पायात, थोडी गाडीत. सकाळचं काम. दोन्हीकडे बुजवायचं, वर झाकायचं, आणि बायकोने विचारलं तर दुसऱ्याचं नाव सांगायचं. पायाचा वास आला तर हीटर. हीटर तरी दाखवला का? त्यातही हळदच.

मला त्या वेळी त्यांची किळस आली. आजाराची नाही. आजारात मी त्यांचं सगळं केलं, आणि त्यात मला किळस शिवली नव्हती. त्या शांत, रोजच्या, नीटनेटक्या लपवालपवीची आली. गेलेल्या माणसाबद्दल असं वाटू नये म्हणतात. ज्यांच्या चपलेवर तो चिखल सांडलेला नसतो, ते म्हणतात.

दीर वाकून कॉइल पाहत होते. त्यांचे डोळे भरले होते. "दादाचं डोकं बघा," ते म्हणाले. "आमच्या घरात आईपासून हाय हे. काय बी होऊ द्या, लाव हळद. वैनी, ही कॉइल ठेवा. आठवण म्हणून."

"भंगारात टाका," मी मिस्त्रीला म्हटलं. "आत्ता. माझ्यासमोर."

त्याने टाकली. मग रेडिएटर धुतला, इंजिनातला गाळ पाण्याने काढला, पुन्हा धुतला. पाणी बराच वेळ पिवळंच येत राहिलं. नवी कॉइल बसली, मॅट फेकून नवी घातली, अत्तराची बाटली मी स्वतः तोडली. संध्याकाळी दिवेलागणीला त्याने गाडी शेडच्या भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावले आणि उजेड खालीवर करून लावून दिला. हीटरची खुंटी मी फिरवली. कोरडी ऊब आली. वास नव्हता. मिस्त्री म्हणाला, "आता झालं का समाधान?" चप्पल पुसताना नखांत गेलेली हळद मी काढत होते. ती रॉकेलनेही निघत नव्हती.

पासिंग झालं. साहेबांनी दिवे लावायला सांगितले, विझवायला सांगितले, गाडीभोवती एक फेरी मारली. गाडी माझी राहिली. दीर म्हणाले, आता मला शाळेवर तेवढं सोडा. म्हणून आम्ही ऊन उतरल्यावर जिंतूरच्या रस्त्याला लागलो. मी चालवत होते. काच बंद, पदर खांद्यावर. थोड्याच वेळात अंधारून आलं, मी दिवे लावले, आणि रस्ता पिवळसर, मऊ उजेडात पुढे दिसत राहिला. थंडी होती म्हणून हीटर लावला.

बोरी मागे पडल्यावर दिरांनी बूट सैल केले, मग काढले, आणि मोज्यातले पाय हीटरच्या वाऱ्याखाली धरले. "लय बरं वाटायलंय, वैनी," ते म्हणाले. "पाय लय गार पडायलेत हल्ली."

आधी मला दमट मोज्यांचा वास आला, तो कुणाच्याही पायांना येतो. त्याखाली दुसरा आला. तो फार बारीक होता. गाडीत त्याला लपायला आता काही नव्हतं.

एका बंद रसवंतीपुढे मी गाडी उभी केली. इंजिन आणि दिवे चालू ठेवले.

"काय झालं?"

"मोजे काढा."

"आं?"

"मोजे काढा, आणि दिव्यासमोर येऊन उभे राहा."

"आवो वैनी, रस्त्यावर? लोक म्हणतील, गुरुजीला भावजय रस्त्यात नाचवायलीय."

"म्हणू द्या."

ते हसत हसत उतरले, अनवाणी, एकेक खडा चुकवत. मी त्यांना एक पाय बंपरवर ठेवायला लावला आणि वाकले. आयुष्यभर बुटात राहिलेला पाय. टाचेला भेगा, त्यात काळी माती. बोटांच्या बेचक्यात पांढरी, ओली, सुटलेली कातडी. जाड, वाकडी नखं. मला किळस आली. मी एकेक बोट फाकवून पाहिलं.

"दुसरा."

"त्याला काय न्हाई."

"दुसरा, भावजी."

त्यांनी पाय ठेवला. अंगठ्याखाली एक भेग होती, जरा रुंद. उजेड पिवळा होता, म्हणून आधी मला वाटलं तो उजेडच आहे. मी बोट लावलं. बोट पिवळं झालं. हळद.

"भेग हाय हो नुसती," ते म्हणाले. "बूट चावलाय. चार दिवसात बसती."

मी भेगेच्या कडेला अंगठा दाबला. जोरात दाबला. माझ्या नखाखालून थोडं पाणी वर आलं. "दुखतंय का?"

"न्हाई." ते हसत होते. मग माझ्याकडे पाहून थांबले. "खरंच न्हाई, वैनी. कायच न्हाई."

"गाडीत बसा," मी म्हटलं.

त्यांनी येलदरीच्या दिशेने पाहिलं. "शाळा हाय उद्या."

मी हात मातीला पुसला, आत बसले आणि गाडी परभणीकडे वळवली. ते शेजारी पाय उचलून धरून बसले होते, नव्या मॅटला लागू नये म्हणून. मी त्यांना म्हटलं, ठेवा खाली. मॅट धुता येते.